घराकडे सरकणारे ठिपके

झुंबरबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती २०१८ च्या मे महिन्यात, पुण्याहून आलेल्या चार विद्यार्थ्यांना घेऊन. जुन्नरच्या एसटी स्टँडमागं आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. उन्हाळ्यात विद्यापीठातली मुलं सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला येतात, त्यांना गावोगाव फिरवायचं काम माझ्याकडं. बिबट्यानं ज्यांच्या घरातलं माणूस नेलं, अशा चाळीस घरांची यादी आमच्याकडं होती, जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांतली. पिंपरी पेंढारच्या शिवारातलं झुंबरबाईंचं घर यादीत सातवं, पण मुलांना मी पहिल्या दिवशी तिथंच न्यायची. वस्ती डांबरी रस्त्याला लागून, आणि बाई नीट बोलणाऱ्या. काही घरी माणसं रडायला लागत, काही घरी दारच उघडत नसत. झुंबरबाई सतरंजी टाकत, चहा ठेवत आणि विचारायच्या आधीच सांगायला लागत.

त्या मूळच्या घोडेगावच्या वरच्या अंगाच्या, भातखाचरांच्या गावातल्या. लग्न होऊन इकडं बागायतीत आल्या तेव्हा सासू नव्हती आणि धाकटा दीर सोमाजी आठ वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं. नवरा काविळीनं गेला, मूल झालं नव्हतं. सोमाजीची सोयरीक त्यांनीच जमवली. मुलगी बघायला त्या एकट्याच गेल्या होत्या, आणि चहाच्या कपाची बशी तिनं कशी पुसली एवढंच बघून होकार देऊन आल्या. ती रूपाली. पुढं रूपालीला आरती झाली. पाचवीपासून आरती घोडेगावला वसतिगृहात राहून शिकत होती. घरात तिघं मोठी माणसं, एक म्हैस, ऊस आणि कांदा.

रूपाली गेली २०१७ च्या ऑक्टोबरात. झुंबरबाई ती हकिगत पोरांनी पाढे म्हणावेत तशी सांगायच्या. "दिवस मावळाया आला व्हता. रूपाली उसाच्या बांधाला गवताला गेली व्हती. वाकून कापत व्हती. वाकल्यालं मानूस त्याला जनावरावानी दिसतं. मागनं धरली. मी घरात भाकरी करीत व्हते, मला काय आवाज आला न्हाई. सकाळी उसात घावली." मुलं लिहून घेत. कुणीतरी फोनवर आवाज टिपत असे. मग प्रत्येक बॅच शेवटी एकच विचारायची, "आजी, नेमकी जागा दाखवता का?" बाई चपला घालून पुढं निघत. मुलं तिथं उभी राहून फोनमध्ये ठिकाणाची नोंद करत. पहिल्या वर्षी मी बरोबर गेले. नंतर मी अंगणातच थांबायची, पुढच्या घरच्यांना फोन लावत.

दोन गोष्टी मात्र माझ्या लक्षात राहिल्या होत्या. आम्ही चार वाजता गेलो तरी त्यांच्या भाकऱ्या करून टोपलीत झाकलेल्या असायच्या. आणि दिवस कलला की त्या उठून टीव्ही लावायच्या, शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल इतका मोठा. हिंदी मालिका चालू असायची आणि त्यांचं तिकडं लक्षही नसायचं. एकदा मी म्हटलं, "मावशी, आवाज जरा कमी करू का?" तर त्यांनी रिमोट उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवला.

करोनाचं एक वर्ष सोडलं तर मुलं दर उन्हाळ्यात येत राहिली. कधी पर्यावरणाची, कधी समाजशास्त्राची, एकदा संख्याशास्त्राची. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, पण यादी तीच आणि झुंबरबाई त्याच. सहा बॅच झाल्या. मुलं जाताना म्हणायची, आजी किती धीराच्या आहेत. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी, २०२५ ला, समरीन आली. भूगोलाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मूळची जुन्नरचीच, बाजारपेठेतल्या भांडीवाल्या कमरुद्दीनभाईंची नात. त्या वर्षीचं काम एका कंपनीबरोबर होतं. कंपनीनं सौरऊर्जेवरचा एक खांब बनवला होता. रात्री जनावर जवळ आलं की त्याच्यावरचा दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. पाच खांब आमच्या भागात लावून बघायचे होते, आणि ते कुठं लावायचे हे आजवरच्या हल्ल्यांच्या जागा एकत्र करून समरीननं ठरवायचं होतं. एक खांब सात नंबरच्या घरासाठी धरलेला. गुरुवारी कंपनीचा इंजिनियर खड्डे घ्यायला येणार होता.

सोमवारी दुपारी समरीननं मला लॅपटॉपजवळ बोलावलं.

"ताई, सात नंबर हे एकच घर ना?"

"एकच. का?"

"मग हल्ल्याच्या जागा सहा कशा?"

तिनं नकाशा मोठा केला. मध्ये घराचं छप्पर दिसत होतं, दूर उसाचा हिरवा पट्टा. आणि त्या दोघांमध्ये सहा लाल ठिपके. मी म्हटलं, फोनच्या नोंदीत चूक होते, दहा-वीस मीटर इकडंतिकडं व्हायचंच.

"चूक असती तर ठिपके चहूकडं पसरले असते," ती म्हणाली. "हे एका रेषेत आहेत. वर्षं बघा."

मी बघितली. २०१८ चा ठिपका उसाच्या बांधावर. पुढच्या वर्षीचा विहिरीपाशी. मधलं वर्ष गेलं, मग २०२१ चा कडब्याच्या गंजीजवळ. त्यानंतरचा शेवग्याच्या झाडाखाली, मग गोठ्यामागं. २०२४ चा घराच्या मागच्या भिंतीपासून जेमतेम बारा मीटरवर. दरसाल तो हल्ला थोडा थोडा घराकडं चालत आला होता.

"त्यांना आठवत नसेल," मी म्हणाले. "वय झालंय."

समरीननं एक जुनी फाईल लावली, २०२२ ची. आधी झुंबरबाईंचा आवाज. गवत, वाकणं, मागून धरणं. सगळं नेहमीसारखं. "मी घरात भाकरी करीत व्हते," इथंपर्यंत आल्या आणि थांबल्या. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "तिची हाक..." आणि लगेच दुसरा आवाज आला. "मावशी, जागा दाखवता ना? मुलांना अजून दोन घरं करायची आहेत."

तो आवाज माझा होता.

समरीननं फाईल बंद केली. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "विचारू का त्यांना?"

मी नको म्हटलं. म्हटलं, आठ वर्षं झाली, आता कशाला उकरायचं. ती म्हणाली, "मग पंचनाम्याप्रमाणे खांब उसाच्या बांधावर लागेल. हल्ला जर घराशी झाला असेल तर त्या खांबाचा काय उपयोग? आणि कंपनी पुढचे शंभर खांब याच माहितीवर लावणार आहे." बुधवारी जाऊ, एवढंच मी म्हटलं. दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. डोळे मिटले की माझंच वाक्य ऐकू यायचं, आणि त्याच्या आधीचा तो पंखा.

बुधवारी चारच्या सुमाराला आम्ही दोघी गेलो. झुंबरबाईंनी समरीनची चौकशी केली. "कमरुद्दीनभाईंची नात व्हय तू? माझी समदी भांडी तुमच्याच दुकानातली. आरतीच्या आईचा रुखवताचा हंडा बी तुमच्याकडनंच आनला व्हता." रूपालीचं नाव त्या घेत नसत, आरतीची आई म्हणत. हकिगत सांगताना तेवढं नाव यायचं.

चहा झाला. त्या सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात समरीननं पिशवीतून छापलेला नकाशा काढला आणि सतरंजीवर पसरला. "आजी, आज तुम्ही सांगू नका. मी दाखवते, तुम्ही बघा. हे आपलं घर. हा ऊस."

झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं, पण नकाशा त्यांना लगेच कळला. त्यांनी उसाच्या बांधावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग विहिरीजवळच्या. मग पुढच्या. प्रत्येक ठिपक्यावर बोट थोडं थांबत होतं. शेवटच्या ठिपक्यापाशी आल्या तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"मोजल्यात व्हय तुमी."

"हो आजी."

"लई येळ लावला."

त्या उठल्या. चपला न घालता मागच्या दारानं बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग. घरामागं भांडी घासायचा एक मोठा काळा दगड होता, त्याच्या कडेला राखेचं डबडं. झुंबरबाई त्या दगडापाशी उभ्या राहिल्या. सोमाजी गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होता. त्याचा हात थांबलेला मला दिसला.

"हितं," त्या म्हणाल्या.

समरीननं फोन बाहेर काढला नाही. ती तिथंच जमिनीवर बसली. मग मीही बसले. झुंबरबाई मात्र उभ्याच राहून बोलल्या, आणि या वेळी पाढे नव्हते.

"आमचा अबोला व्हता. अकरा दिस झालं व्हतं. माझ्या म्हायेरचं घेवड्याचं बी, राखंत घालून मडक्यात ठिवल्यालं. तिनं त्याची आमटी केली. तिला ठावं नव्हतं ते बियानं हाय. तिला ठावं नव्हतं, हे मला बी कळत व्हतं. तरी मी बोलले न्हाई तिच्याशी. ती दोन-तीनदा बोलाया आली, मी तोंड फिरीवलं.

"त्या दिशी ती हितं भांडी घासत व्हती. मी आत चुलीपुढं. तिनं हाक मारली, 'बाई.' मी म्हणलं, पान्याची बादली पायजे असंल. अकरा दिसांनी हाक मारती, ती बी बादलीपायी. न्हाई उठले. परत म्हणली, 'बाई.' जरा बारीक आवाजात. मला वाटलं, रडती. म्हणलं, रडू दे जरा. तव्यावर भाकर व्हती, ती उलटली. मंग हाक आली न्हाई."

म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. सोमाजी गोठ्याच्या मेढीला धरून उभा होता.

"भाकरी झाल्या, मंग बाहीर आले. भांडी अर्धी घासल्याली, तशीच पडल्याली. मला वाटलं, रागानं टाकून गेली. मीच घासली उरल्याली. दगडावर पानी वतलं. दोन बादल्या वतल्या, पोरी. अंधारून आलं व्हतं. मी काय धुवून टाकलं ते मला सकाळी उमजलं."

ती उसात सापडली तेव्हा लोकच म्हणाले, गवताला गेली असेल. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, गवताला गेली होती का? झुंबरबाईंनी मान हलवली. त्या मानेवर पुढची आठ वर्षं उभी राहिली.

"मंग ह्या ताई पोरं घिऊन यायला लागल्या," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघून, पण रागानं नाही. "दरसाली वाटायचं, आवंदा सांगावं. बांधाकडं निघायचे आन पाय मदीच थांबायचं. म्हणायचे, इतकं तरी अलीकडं दावू. पोरं शिकल्याली हायती, कुनीतरी म्हनंल, म्हातारे, मागल्या साली तू तिकडं दावलं व्हतंस. कुनी म्हणलं न्हाई. लिवायचे आन जायाचे. मी परत घरात यायचे, आन दिवस मावळला का ती हाक. रोज. टीव्ही लावला तरी त्याच्या आतनं येती. चुलीपुढं बसवत न्हाई त्या टायमाला, म्हनून भाकरी चारलाच करून ठिवते."

सोमाजी पुढं आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण वहिनीपुढं तो मला नेहमी लहान दिसायचा. तसाच तेव्हाही दिसला.

"किती येळा हाक मारली?" त्यानं विचारलं.

"दोन."

तो दगडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी तवा विहिरीवर मोटार बंद कराया गेलो व्हतो. मला न्हाई आली ऐकू." एवढं बोलून तो म्हशीला सोडून ओढ्याकडं घेऊन गेला. पाण्याची वेळ नव्हती तरी.

आम्ही निघालो तेव्हा झुंबरबाईंनी आम्हाला थांबा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. गाडी सुरू करताना समरीन म्हणाली, "ताई, मी काही रेकॉर्ड केलेलं नाही." मी म्हटलं, "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. त्याच्या कागदावर खांब उसाच्या बांधावर होता. घराच्या मागच्या भिंतीशी खड्डा घ्यायचा म्हटल्यावर तो बुचकळ्यात पडला. समरीननं त्याला शांतपणे सांगितलं की हल्ला इथं झालाय, माणूस इथं खाली बसून काम करतं, आणि खरकट्यामागं कुत्री येतात तीही इथंच. तो म्हणाला, मग बाकीच्या घरांचीही अशी तपासणी करायला हवी. खड्डा घेतला. दिवाळीच्या आत त्या खांबावरचा दिवा दोनदा पेटला. एकदा कुत्रं होतं. दुसऱ्यांदा सकाळी ओल्या मातीत बिबट्याचे ठसे मिळाले, दगडापासून हाकेच्या अंतरावरून मागं वळलेले.

समरीनच्या अहवालात सात नंबरच्या घराबद्दल एकच ओळ आहे. जागा दुरुस्त केली, आधार कुटुंबीयांची माहिती. तिच्या प्राध्यापकांनी ध्वनिमुद्रण मागितलं, तिनं नाही म्हणून सांगितलं आणि त्यापायी दोन गुण कमी घेतले. आता ती पुण्यात नोकरी करते. ईदला जुन्नरला आली की फोन करते, आणि बोलता बोलता हळूच विचारते, त्या कशा आहेत.

मी जात असते. पहिल्या खेपेला, पंधरा दिवसांनी गेले, तेव्हा घरात दोन चुली झालेल्या होत्या. सोमाजीनं पडवीत गॅसची शेगडी मांडली होती. भांडण झालं नव्हतं. त्यानं नुसता त्यांच्या हातचं खायचं थांबवलं होतं, आणि बोलायचंही. ज्या बाईनं त्याला लहानाचा मोठा केला तिच्याशी. झुंबरबाई म्हणाल्या, "त्याचं बरूबर हाय. मी अकरा दिस धरला व्हता, त्यो किती बी धरू दे."

आरतीला सोमाजीनंच फोनवर सांगितलं. ती आता नर्सिंगला आहे. आई गेल्यावर तिला वाढवलं ते झुंबरबाईंनीच, वसतिगृहात दर रविवारी डबा घेऊन जात. ती चार-पाच महिने घरी आली नाही. दिवाळीला आली. पहिल्या दिवशी बापाच्या शेगडीवरचं जेवली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या आईजवळ. निघताना तिनं झुंबरबाईंना विचारलं, आईनं हाक मारली तेव्हा आवाज कसा होता. झुंबरबाईंनी सांगायचा प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. दोघी बराच वेळ मागच्या दारात बसून होत्या, असं सोमाजीनं मला सांगितलं. माझ्याशी तो बोलतो.

डिसेंबरात मी विचारलंच, "मावशी, अजून येते का हाक?"

"येती की," त्या म्हणाल्या. "कुठं जाईल ती? पन आता मी उठते."

खरंच उठतात. मी बघितलंय. दिवस मावळला की टीव्ही बंद असतो. सोमाजी त्याचं एक ताट नि एक पातेलं घेऊन दगडापाशी बसतो, आणि झुंबरबाई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसतात, त्याचं घासून होईपर्यंत. तो त्यांच्याकडं बघत नाही. पण ताट घासून झालं तरी उगाच थोडा वेळ तिथंच राख चोळत बसतो, हे माझ्या लक्षात आलंय.

यंदा मे महिन्यात नवी मुलं यायची आहेत. यादीतलं सात नंबरचं घर मी काढून टाकलं. उरलेली एकोणचाळीस घरं. त्यांचे जुने ठिपके ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि मुलांनी टिपलेले आवाजही, आणि त्यात मधूनमधून माझा. ते उघडून बघायचं धाडस मला हिवाळाभर झालं नाही. शेवटी गेल्या सोमवारी मी आळ्याला गेले, यादीतल्या पहिल्या घरी, एकटीच, फॉर्म न घेता. घरधनी ओसरीवर कांद्याच्या गोण्या शिवत होता. त्याचा भाऊ गेलेला, नऊ वर्षांपूर्वी. पाच वेळा मी त्याच्याकडं मुलं नेली होती.

"पोरं न्हाई आनली?" त्यानं विचारलं.

"नाही. आज मीच आलेय. मला घाई नाहीये."

त्यानं दाभण गोणीत खोचून ठेवलं. माझ्याकडं बघितलं, आतल्या खोलीकडं बघितलं, जिथून कुणा बाईच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग उठला, मधलं दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसला.